शेतात राबणाऱ्या हाताले अर्निसची काठी काहून झेपत नाही?

पऱ्हाटीवाला, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

मंडळी नमस्कार. पुण्यात होस्टेलवर होतो तेव्हा एका सिनिअरकडून अर्निस शिकलो. फिलिपिन्सची काठीची विद्या, कोणी एस्क्रिमा म्हणते, कोणी काली. 2009 मध्ये तिथल्या सरकारनं कायदा करून तिले राष्ट्रीय खेळ केलं. साधारण 28 इंची वेताची काठी, एका हातात नाहीतर दोन्ही हातात, आणि बारा कोनांतून फटके. आमच्या लाठीपेक्षा आखूड अन् लय जवळून खेळायची.

आता शिक्षण झालं, गावात आलो, वावर पाहतो. दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप, नाहीतर पऱ्हाटी उपटणं, नाहीतर खताचे पोते. संध्याकाळी खळ्यात सिनावली, म्हणजे दोन काठ्या विणल्यासारख्या आलटूनपालटून फिरवणं, सुरू करतो, तं पाच मिनिटात हात दगड होते. मनगट वळतच नाही. पुण्यातले बारके पोट्टे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारे, अर्धा अर्धा तास फिरवत होते. मी 50 किलोचं पोतं एकटा खांद्यावर घेतो, मंग मी कमी पडतो कुठं?

पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावणं चालूच हाय, म्हणून दम नाही असं बी नाही. गावात जिम नाही. जोडीदार म्हणजे नववीतला लहान भाऊ. कोणते व्यायाम करू? अन् निंबाले टायर बांधून मारलं तं चालते का? काठ्याही मोडत आल्या, त्या कुठून आणू तेही सांगजा.

---

बसस्टँडवरचा_चहा

भाऊ, भरतीत 1600 मीटर, 100 मीटर अन् गोळाफेक हाय. अर्निसचा एक मार्क भेटत नाही. गोळा फेक.

---

आखाड्याचे_काका, अकोट

पोरा, आपल्याकडे लाठी हाय, दांडपट्टा हाय, फरीगदका हाय. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून हाय, तिथले पोट्टे 1936 मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले. घरचं सोडून फिलिपिन्सले कायले जाता? बरं, आता शिकलाच तं शिक. पण अंग तयार करायचं म्हणशील तं त्याले विलायती उपाय नाही. जोर, बैठका, मुद्गल. तीन महिने मुद्गल फिरव, मंग मले सांग हात दगड होते का.

---

पीटीच्या_मॅडम, साकोलीकडच्या

काकांचं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी भांडण नंतर करू. आधी पोराच्या प्रश्नाचं.

मी आश्रमशाळेत खेळ शिकवते. बी.पी.एड.च्या वेळी एका शिबिरात अर्निस शिकले, आता सातवी ते दहावीच्या मुलींकडून करून घेते. त्यांच्यातही अगदी हेच होतं. ज्या मुली सुट्टीत घरी रोवण्याला जातात, पाण्याचे गुंड वाहतात, त्यांची काठी सुरुवातीला सगळ्यात आधी थांबते. ताकद कमी म्हणून नाही. त्या सोडत नाहीत म्हणून.

पंपाचा दांडा तू दिवसभर कसा धरतोस बघ. मूठ गच्च, कोपर ताठ, खांदा वर. पोतं उचलताना तेच, पऱ्हाटी उपटताना तेच. या सगळ्या कामात मूठ एकदा आवळली की काम संपेपर्यंत ढिली होत नाही. काठीत उलटं आहे. एक इंच जाडीच्या वेताच्या काठीचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास, तिला आवळण्यासारखं काही नाहीच. फटका निघतो तेव्हा मूठ ढिली हवी, लागण्याच्या क्षणी करंगळी, अनामिका आणि मधलं बोट मिटतं, आणि लगेच पुन्हा ढिलं. तू आवळून फिरवतोस म्हणजे मनगट वळवणारे स्नायू आणि मनगट अडवणारे स्नायू एकाच वेळी ताणलेले. दोघं एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि पाच मिनिटांत दमतात. त्या कॉम्प्युटरवाल्या पोरांच्या हातात आवळायला ताकदच नव्हती, म्हणून ते सुटले. यात त्यांचं कौतुक फारसं नाही.

त्यामुळे पकड वाढवायचे व्यायाम तू करू नकोस. बादलीत तांदूळ भरून त्यात बोटं खुपसायची, रबराचा चेंडू दाबायचा, असे व्हिडिओ खूप फिरतात. शहरातल्या माणसाला ठीक आहे. तुझी पकड पंपानं आधीच करून दिली आहे. बादलीच घ्यायची असेल तर हरभऱ्याची घे आणि त्यात बोटं उघडायची सवय कर, मूठ घालून आत जायचं आणि पंजा फाकवत बाहेर यायचं. उघडणारे स्नायू तुझे उपाशी आहेत.

आता सिनावली. सहा फटक्यांचा जो साधा प्रकार तुला येत असेल, सगळे फटके वरून, तोच घे. श्वासाच्या गतीनं कर, एका फटक्याला एक श्वास. हसू नको. इतकं हळू केलं की काठी कुठं आवळली जाते ते कळतं, बहुतेकांची हात आडवा छातीवरून परत येताना आवळली जाते. ती जागा सापडली की तिथं श्वास सोडायचा. दोन आठवडे वेग वाढवायचाच नाही. नंतर तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट आराम, अशा चार फेऱ्या. 1600 मीटरचा दम इथं थोडाच कामी येतो, कारण धावताना खांदे मोकळे असतात आणि इथं सगळा भार त्यांच्यावरच.

टायरबद्दल रात्री लिहिते, आता शाळेची घंटा झाली.

---

पऱ्हाटीवाला

मॅडम, आज वावरातून येऊन हळू करून पाह्यलं. खरंच, डाव्या हाताची काठी परत येताना मूठ गच्च होते. डाव्याच हातानं पंप मारतो मी. तुमाले इतक्या दुरून कसं दिसलं बाप्पा?

---

आखाड्याचे_काका

मॅडम, एक विचारतो. फिलिपिन्सचे ते जुने उस्ताद काय हापिसात बसत होते का? ते बी शेतकरीच असतीन. मंग त्याईचे हात दगड नाही झाले?

---

पीटीच्या_मॅडम

काका, हा प्रश्न मला आवडला.

होते ना शेतकरी. मॉडर्न अर्निस उभं करणारे रेमी प्रेसास 1936 साली नेग्रोस बेटावर जन्मले, ते बेटच उसाचं. आणि तिकडच्या शेतकऱ्याच्या कमरेला बोलो असतो, आपल्या कोयत्यासारखा पण लांब. झाडी तोडायची, नारळ फोडायचा, ऊस छाटायचा, सगळं त्याच्यानं. पण बोलो चालवणारा माणूस मूठ धरून ठेवत नाही. तो पातं सोडतो, वजनाला जाऊ देतो, लागलं की सावरतो. दिवसभर हजार वेळा आवळ-सोड, आवळ-सोड. म्हणजे त्यांचं शेतकामच सराव होतं. आमच्या या पोराचं शेतकाम पंप आणि पोती. शेती दोघांची, हात वेगळे.

तुझ्याकडे घरी लाकडं फोडायला कुऱ्हाड असेल तर ते काम आईकडून काढून घे. कुऱ्हाड उचलताना ढिली, पडताना सोडलेली, लागताना मिटलेली. उजव्या बाजूनं जितके घाव तितकेच डाव्या बाजूनं. सोयाबीन सोंगतानाही विळा डाव्या हातात घेऊन एखादी ओळ कापून बघ, सावकाश, बोटं सांभाळून. डावा हात हुशार करायचा तर दुसरा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आता टायर. चालतो, फिलिपिन्समध्येही सर्रास टायरवर मारतात. मोटारसायकलचा जुना टायर दोरीनं टांग, किंवा दोन-तीन टायर एकावर एक जमिनीत गाडलेल्या खांबाला बांध. लटकता टायर हलतो, त्यामुळे अंतराचा अंदाज तयार होतो. खांबाचा टायर हलत नाही, तिथं जोर तयार होतो. तू लटकत्यानं सुरुवात कर. कारण असं की हवेत फिरवलेली काठी तुला काही परत देत नाही, टायर देतो. फटका लागला की काठी उसळते, आणि ती उसळी दोन ठिकाणी जाऊ शकते: मूठ ढिली असेल तर पुढच्या फटक्यात, आवळलेली असेल तर थेट कोपरात. कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ दुखायला लागलं की समज उसळी तिकडं चालली आहे. स्नायू महिन्याभरात तयार होतात, पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या कितीतरी हळू तयार होतात, त्यांना काही महिने द्यावे लागतात. टायरवर कोपर बिघडवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, सगळी ताकदवान होती.

म्हणून पहिला महिना अर्ध्या जोरानं. लागून थांबणारा फटका आणि लागून आरपार जाणारा फटका, तिकडे एकाला वितिक म्हणतात, दुसऱ्याला लोबतिक, दोन्ही वेगवेगळे मार. टायरवर वितिक आधी. आरपार मारायला लटकता टायर बरा, तो वाट देतो. पंख्यासारखा मनगटातून फिरणारा अबानिको टायरवर मारूच नकोस इतक्यात, तो हवेतच.

आणि कोपरासाठी हे रोज: ओट्यावर बस, हात मांडीवर, तळवा खाली, मुठीत अर्धी भरलेली लिटरची बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून दे आणि बाटली एकट्या हातानं हळूहळू खाली सोड, चार-पाच सेकंद लावून. पंधरा वेळा, तीनदा. किंचित ओढ लागली तर हरकत नाही, टोचलं तर थांब. फिजिओथेरपीवालेही कोपराच्या दुखण्याला हेच देतात, दुखायच्या आधी केलं तर कोणी पावती फाडत नाही.

काका, मुद्गल मात्र मी तुमच्याकडून घेते. सांगा पोराला कसं धरायचं ते. खांद्याला मुद्गलासारखं दुसरं काही नाही, आणि त्यातही मूठ सोडावी लागते, नाहीतर मुद्गल पाठीमागे जातच नाही.

---

आखाड्याचे_काका

मॅडमनं बोलावलं तं आलो.

पोरा, मुद्गल विकत घेऊ नको. सुताराकडून बाभळीचा करून घे, दोन-अडीच किलोचा, जास्त नाही. पोतं उचलतो म्हणून दहा किलोचा करशील तं खांदा जाईन. मूठ छातीसमोर, अंगठा वर. कोपर कानापाशी जाऊ दे, मुद्गल पाठीमागून त्याच्या वजनानं लोंबू दे, मंग कमरेतून ओढून पुढं आण. हातानं ओढशील तं थकशील. हे ज्याले जमलं त्याले तुमची ती काठी कशीही जमते. करेला, म्हणजे मोठा मुद्गल, नंतर, तो जड असते. आणि हिवाळ्यात सकाळी थंड खांद्यानं मुद्गल उचलायचा नाही, आधी सूर्यनमस्कार.

मॅडम, फिलिपिन्सची विद्या वाईट म्हटलं नाही बरं मी. पण मुद्गल आपला.

---

वेळूवाला, कुरखेडा, गडचिरोली

काठीचं मी सांगतो, बाकी मले कळत नाही.

आमच्या इकडे बांबू ढिगानं, पण साधा पोकळ बांबू काठीवर काठी मारायला घेऊ नको. तो उभा फाटते आणि त्याच्या काड्या सुरीसारख्या उडते. डोळा जाईन. वेत आतून भरीव असते, त्याचे धागे मोडतात तं झाडूसारखे पिंजारते, टोचत नाही. म्हणून तिकडचे लोक वेतच घेतात. नागपुरात वेताचं फर्निचर करणारे आहेत, त्यांच्याकडे खुर्चीच्या पायासाठीचा जाड वेत असते. इंचभर जाडीचा, सरळ पाहून घे आणि 28 इंचाचे तुकडे करून आण. ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडते.

टायरसाठी मात्र मानवेलाची, म्हणजे भरीव जातीच्या बांबूची, काठी चालते, जोडीदार नसला तं. वजन वेतापेक्षा थोडं जास्त. वरून टेप गुंडाळ.

अन् एक मजा. तिकडे जड सरावासाठी कामागोंग नावाच्या काळ्या लाकडाची काठी असते, वेताच्या जवळपास दुप्पट वजनाची. ते झाड आपल्या तेंदूच्याच कुळातलं. ज्याची पानं आम्ही उन्हाळ्यात बिडीसाठी तोडतो, त्याचा भाऊ. पण तेंदू तोडायला जाऊ नको, वनखात्यावाले तुलेच तोडतीन.

---

पऱ्हाटीवाला

काका, मॅडम, भाऊ, सगळ्याईले धन्यवाद. सुताराले सांगतो मुद्गलाचं.

दोन गोष्टी राह्यल्या. आमच्या इकडे उन्हाळ्यात 45 डिग्री, वेत तडकते का? अन् भावासोबत खेळू का? तो नववीत हाय, लय उड्या मारते.

---

पीटीच्या_मॅडम

तडकतो. वेत दमट हवेतला, आपल्या मे महिन्यात कोरडा पडून कडक होतो आणि मग मोडतो. जवसाचं तेल चोळ, घरी चटणीचं जवस असतं त्याचंच तेल. पातळ हात, रात्रभर सावलीत, सकाळी पुसून घे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून फेकू नको. ते तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. कापूस भरलेल्या खोलीत तर अजिबात नको. पाण्यात भिजवून, पसरून वाळव, मग टाक.

उन्हाळ्यात सराव पहाटे, सूर्य डोक्यावर यायच्या आत संपव. पाणी आधी, ताक नंतर.

भावासोबत खेळ, पण हातावर मारायचं नाही. जुन्या काठीविद्येत समोरच्याचा हात हेच पहिलं निशाण असायचं. सरावात पोरांचे हात सुजायचे आणि पोरं पळायची. प्रेसास यांनी ते बदललं, हाताऐवजी समोरच्याच्या काठीवर मारा म्हणाले, आणि वर्ग भरायला लागले. तुम्ही दोघं तसंच करा. काठीवर काठी, ठरलेले फटके, ठरलेली उत्तरं. डोळ्यांवर हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगसाठी मिळतो तो पारदर्शक चष्मा, दोघांनाही. क्रिकेटचं हेल्मेट पुरेसं समजू नका, जाळीच्या फटीतून काठीचं टोक आत जातं.

मोकळं खेळायचंच असेल तर मऊ काठी करा. अर्धा इंची पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा स्पंज, वरून टेप. टोकाला पाइप बाहेर राहू देऊ नका, तिथं स्पंजाची टोपी दुमडून बसवा. एसी दुरुस्तीवाल्याकडे उरलेले तुकडे मिळतील. तरी चष्मा काढायचा नाही.

पायांचं कोणी बोललंच नाही, आणि माझ्या मते अर्धी विद्या तिथं आहे. खळ्यात चुलीच्या राखेनं दोन त्रिकोण आख, एकाचं टोक पुढं, एकाचं टोक मागं. टोकावर उभा राहा. फटका आला की सरळ मागं जायचं नाही, त्रिकोणाच्या बाजूनं तिरकं पाऊल. त्यानं तू रेषेतून बाहेर पडतोस आणि तुझी काठी तरी त्याच्यापर्यंत पोहोचते. आधी काठीशिवाय, हात कमरेवर. मग पाठीवर पंप घेऊन, रिकामा बरं का. पंपाच्या वजनानं तू पुढं झुकलास तर लगेच कळेल. शेतकऱ्याचे पाय चांगले असतात, तासातून, ढेकळातून चालून घोटा पक्का झालेला असतो. तिथं तू पुण्यावाल्यांच्या पुढं आहेस. बैठका काकांच्या हिशेबानं घाल, फक्त खाली बसताना टाच टेकलेली असू दे.

---

बसस्टँडवरचा_चहा

राखेचे त्रिकोण आखशील तं गाव म्हणन भानामती करून राह्यला. पोलीस पाटलाले आधी सांगून ठेव.

---

पऱ्हाटीवाला

आई आत्ताच इचारून गेली, रिकामा पंप घेऊन खळ्यात काय नाचून राह्यला म्हणून. मॅडम, टायर किती उंचीवर टांगू? छातीले येईन असा का डोक्याले?

---

पीटीच्या_मॅडम

मधली पोकळी तुझ्या छातीसमोर. म्हणजे वरची कड साधारण कपाळाला येते, खालची कमरेला, तिरके फटके दोन्हीकडून बसतात. भावासाठी वेगळी दोरी ठेव, त्याच्या उंचीची. गाठ सुताच्या दोरीची नको, घासून तुटते. बैलाची जुनी नायलॉनची दोरी असेल ती घे.